पल्लवीच्या पाठवणीची गाडी

आधीच सांगून ठेवतो, भूतबित, करणीबिरणी असा विषय कुणी काढला की मी उठून जातो. अमरावतीत राजापेठेत माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणते, "गाडीले नजर लागली," मी म्हणतो, "नजर नाई, वायर शॉर्ट झाली." गाडी सुरू व्हायला करंट पाहिजे, पेट्रोल पाहिजे, हवा पाहिजे... बस! चौथं काही लागत नाही. यंदाच्या उन्हाळ्यापर्यंत मी हे छातीठोक सांगायचो.

माझी मोठी बहीण धामणगाव रेल्वेला राहते. भाऊजी मागच्या वर्षी गेले. त्यांची जुनी पांढरी गाडी — कार्ब्युरेटरवाली, आता तिचे पार्टही धड मिळत नाहीत — म्हणजे त्यांचा जीव. आणि त्यांची एक सवय होती. ताई बाजूच्या सीटवर बसून "बसली जी मी, चाला" म्हणत नाही तोवर ते किल्लीला हात लावायचे नाहीत. आम्ही चिडवायचो, "भाऊजी, ताईच्या परमिशननं चालते का गाडी?" ते म्हणायचे, "मंग? इचारून पाह्य गाडीले!"

तर त्यांच्या पोरीचं, पल्लवीचं लग्न. मांडव धामणगावलाच, सासर अमरावतीत. पोरीचा एकच हट्ट — "मामा, मी बाबाच्याच गाडीत सासरी जाईन. नाईतर जातच नाई." बाप नाही, निदान त्याची गाडी तरी सोबत पाहिजे... मलाही ते पटलं होतं. गाडी मी स्वतः तपासून ठेवली. लग्नाच्या सकाळी तिच्यातूनच फुलं आणली. मक्खन चालली.

दुपारी पाठवणी. पल्लवी आणि जावई मागे बसले, मी किल्ली फिरवली... घर्र घर्र घर्र. सेल्फ फिरून राहिला, पण इंजिन पकडतच नाही!

लग्नातला नवा कुर्ता, वर कडक ऊन, आणि मी बॉनेटमध्ये. बॅटरी टनाटन. पेट्रोल येतंय. प्लग काढून पाहिला, निळी ठिणगी पडतेय. मग अडतंय कुठं? आजूबाजूला नुसती कुजबुज. नवरदेवाचे काका तीनदा येऊन गेले, "काहून अडून राहिले? आमची गाडी उभी हाय ना!" पल्लवीचा चेहरा रडकुंडीला आलेला. माझं डोकं असं फिरलं होतं की पाना फेकून द्यावासा वाटला.

शेवटी डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडून आतला रोटर काढला. बोटाच्या पेराएवढा तुकडा, पण तो नसला तर प्लगपर्यंत करंट पोचतच नाही. त्याची पट्टी पॉलिश पेपरनं घासत होतो, तेवढ्यात मागे गलका झाला. पल्लवी गाडीतून उतरली होती.

"मायी आई कुठी हाय?"

ताईची नणंद म्हणाली, "अवं, अशा टाइमाले तिनं समोर नाई येवाव बाई. तुया चांगल्यासाठीच थांबवलं तिले."

ताई मांडवामागे भांड्यांपाशी उभी होती. विधवा म्हणून! पोटच्या पोरीची पाठवणी ती भांड्यांआडून पाहत होती. मला इतकी चीड आली... पण पोरगी माझ्यापेक्षा जलद निघाली. शालूसकट धावत गेली, आईचा हात धरून आणलं आणि पुढच्या सीटचं दार उघडलं. "बस."

"नको वं माय, लोक काय म्हनतीन..."

"बस म्हनलं ना!"

मी घाईघाईत कॅप लावली, बॉनेट आपटलं आणि स्टिअरिंगवर येऊन बसलो. ताई समोर पाहत, सवयीनं असेल, हळूच म्हणाली, "बसली जी मी... चाला."

किल्लीला हात लावला आणि गाडी सुरू.

मनात म्हटलं, हात्तिच्या! रोटरचीच कटकट होती तर. चांदूर रेल्वे गेलं, अमरावती आली, गाडीनं एक आचका दिला नाही. मायलेकी रडत काय होत्या, हसत काय होत्या. ताईला इतकं बोलताना भाऊजी गेल्यापासून मी पाहिलं नव्हतं.

सासरच्या दारात सगळे उतरले. घाम पुसायला रुमाल काढावा म्हणून खिशात हात घातला... हाताला रोटर लागला.

बॉनेट उघडलं, कॅप काढली. आत जागा रिकामी. किल्ली फिरवून पाहिली — घर्र घर्र. सुरू होणारच नव्हती. रोटर बसवला, झाली.

मित्र म्हणतात, तू घाईत दुसरा रोटर टाकला असशील. अरे, कुठून आणू दुसरा? आणि टाकला तर गेला कुठे? लाइनीतल्या जुन्या जुन्या मिस्त्र्यांना विचारून झालं. सगळे माझ्याकडेच संशयानं पाहतात.

ताईला हे मी सांगितलेलं नाही. पण आता घरातल्या कुठल्याही कार्याला तिला मागे उभं राहू देत नाही, आधी जाऊन घेऊन येतो. आणि ती शेजारी बसून "चाला" म्हणत नाही, तोवर मी किल्लीला हात लावत नाही.