शेळीशी कोलामी, माझ्याशी मराठी

सुट्टीत पोडावर, आमच्या कोलामांच्या वस्तीवर गेलो, तेव्हा आई अंगणात शेळीवर खेकसत होती, अगदी भरभरून कोलामीत. मला पाहताच गप्प झाली आणि मराठीत म्हणाली, "च्या मांडू का?"

दर वेळी हेच. मी कोलामीत बोलतो, ती अडखळत मराठीत उत्तर देते. मातृभाषेचे गोडवे वर्गात मी रोज गातो, आणि इथे शेळीला मिळतं ते पोटच्या पोराला मिळत नाही. शेवटी वैतागून विचारलं, "माझ्याशीच का मराठी?"

"तूच त म्हणे लहानपणी, 'मास्तर घरी आले का मराठीतच बोलत जाय, मले लाज वाटते.' आता तूच मास्तर झाला."

एवढं बोलून ती शेळीकडे वळली आणि पुन्हा कोलामीत बोलू लागली.