शिंकेची माफी मागायची नसते

आमच्या संस्थानातल्या लश्कर शहराच्या कॉलेजातले दोन जुने विद्यार्थी कुठेही भेटले, की चहा येण्याआधी टोकेकरसाहेबांचा किस्सा येतो. एकाने सांगितला की दुसऱ्याला आठवतो, आणि चहा गार होतो. मी तर घरी कितीतरी ऐकवलेत! बायको म्हणते, "आता साहेब आपल्याकडेच राहतात असं वाटायला लागलंय." तरी सांगतो. यशवंताच्या स्कॉलरशिपचा किस्सा मात्र शेवटी. तो आधी सांगितला तर मग पुढचं काही सांगवत नाही.

साहेब आम्हाला तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र शिकवत. बुटके, काळा कोट, डोक्याला पगडी, तपकिरीचा नाद. नीतिशास्त्राचा पहिलाच तास होता. 'माणसाची कृती म्हणजे काय' असं काहीतरी गहन सुरू झालं आणि आमच्यातल्या एकाला छप्पर हादरेल अशी शिंक आली. बिचारा उठून म्हणाला, "माफ करा साहेब."

साहेब म्हणाले, "माफी कशाबद्दल? ती शिंक तुमची नाही. तुम्हाला झाली, तुम्ही केली नाही. जे आपण ठरवून करतो तेवढंच आपलं. बसा."

आता ही सवलत मिळाल्यावर कोण सोडतं? पाचेक मिनिटांत त्याच गड्याने पुन्हा शिंक काढली, या वेळी ताल धरून. वर्ग हसला. साहेबांनी पुस्तकातून मान वर न करता सांगितलं, "हिची मात्र मागा."

असं ते शिकवणं. त्यानंतर पुस्तक उघडलं नाही तरी चालत होतं, इतकं ते डोक्यात बसलं. कुणालाही दोष देण्याआधी साहेब तीन गोष्टी विचारत. त्याला ठाऊक होतं का? त्याच्या मनात होतं का? आणि त्याला दुसरं काही करता आलं असतं का?

•

हे तीन प्रश्न फक्त वर्गातच राहिले असते तर ठीक. एकदा आम्ही दोघे-तिघे साहेबांबरोबर दाल बाजारातून चाललो होतो. एका टांग्याचं घोडं बिथरलं आणि दुकानापुढे रचलेलं तुरीच्या डाळीचं पोतं आडवं झालं. डाळ रस्ताभर. दुकानदाराने टांगेवाल्याची गचांडी धरली, चार लोक बाह्या सरसावून पुढे आले. साहेब मधे शिरले.

"इसको मालूम था कि घोड़ा बिदकेगा?"

"मालूम कैसे होगा," दुकानदार म्हणाला.

"और ये बोरी रास्ते पर किसने रखी?"

"मैंने."

"रास्ता है, ये मालूम था?"

"जी."

"किसी ने ज़बरदस्ती रखवाई?"

दुकानदाराने गचांडी सोडली. "बाबूजी, आप तो घोड़े के वकील निकले!"

लोक हसले, मारामारी टळली. टांगेवाला सटकायला बघत होता, पण साहेबांनी कोट काढून माझ्या हातात दिला आणि स्वतः खाली बसून डाळ गोळा करायला लागले. मग टांगेवाला बसला, आम्ही बसलो. दुकानदारही बसला, काय करणार.

•

घरी मात्र साहेबांची डाळ शिजत नसे. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, शाळेत फारशा गेल्या नव्हत्या, पण नवऱ्याचं नीतिशास्त्र ऐकून ऐकून पाठ झालेलं.

एके दिवशी साहेब आम्हा चौघांना न सांगता-सवरता जयेंद्रगंजातल्या घरी जेवायला घेऊन गेले. आमटीत मीठ नव्हतं. आम्ही माना खाली घालून जेवत होतो. साहेबांनी मोठेपणाने सांगितलं, "असू दे. घाईत राहून गेलं असेल. चुकून झालेल्या गोष्टीला बोल लावू नये."

काकू वाढता वाढता म्हणाल्या, "चुकून नाही हो. डबा हातात होता. मनात आलं, नाही घालायचं. आणि अडवायला कुणी नव्हतं."

साहेबांनी घास खाली ठेवला. थोडा विचार केला. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "ही खरी कृती." आणि वाटीभर आमटी तशीच प्यायले. पुढे आम्हाला जेवायला न्यायचं असलं तर आदल्या दिवशी घरी विचारून येत.

•

खोटं बोलायचं नाही म्हणजे नाही. यात साहेबांचा जाच व्हायचा तो भेटायला येणाऱ्यांना. दार वाजलं की दुसऱ्या कुणाला 'घरी नाहीत' सांगायला लावणं त्यांना मंजूर नव्हतं. स्वतः येऊन दार उघडत आणि सांगत, "मी घरात आहे. पण आत्ता तुम्हाला भेटायची इच्छा नाही."

असे परत गेलेले एक दरबारी गृहस्थ मला माहीत आहेत. ते पुढे गावभर सांगत, "लश्करात खरं बोलणारा एकच माणूस आहे. त्याच्याकडे जाऊ नका."

•

थंडीत मेळा भरला की आमच्या वर्गाला पाय फुटत. एका दुपारी तास बुडवून आम्ही सात जण मेळ्यात तीळगुळाची गजक खात उभे होतो आणि समोर साहेब. तपकीर घ्यायला म्हणून थांबलेले.

"तुम्ही इथे कसे?"

एकाने माझ्याकडे बोट दाखवलं, म्हणाला, "याने ओढून आणलं." मी तिसऱ्याकडे दाखवलं, त्याने चौथ्याकडे. असं बोट फिरत फिरत यशवंतापर्यंत आलं. यशवंत माझ्या शेजारी राहायचा, 'शिंदे की छावनी' नावाच्या मोहल्ल्यात. वडील दरबारच्या पलटणीत होते, ते गेलेले. मायलेकांचं घर त्याच्या दरबारी स्कॉलरशिपवर चालायचं, त्यामुळे तास बुडवणं त्याला सगळ्यांत महाग.

यशवंत म्हणाला, "मला कुणी ओढलं नाही साहेब. मला यायचं होतं, मी आलो."

साहेबांनी आम्हा सहा जणांकडे पाहिलं. "म्हणजे मेळ्याला एकच माणूस आलाय. बाकीचं त्याचं सामान."

पुढे वर्षभर आम्हाला कॉलेजात 'सामान' म्हणत. खोटं कशाला सांगू, आम्हाला त्याचा अभिमानच वाटायचा.

•

आता यशवंताचं.

स्नेहसंमेलनाला एक बडे इंग्रज पाहुणे आले. ते हॉलमध्ये शिरले तसा सगळा हॉल उभा राहिला. यशवंत बसून राहिला. त्याच्या एका बाजूला साहेब होते, मागच्या रांगेत मी. मी त्याच्या खांद्याला हात लावला तर म्हणाला, "राहू दे. मला उठायचं नाही." हे साहेबांनीही ऐकलं.

पाहुणे काही बोलले नाहीत, पण दरबारात बोभाटा झाला. चौकशी लागली. स्कॉलरशिप बंद, नाव कमी, हे ठरल्यासारखंच होतं. आमचे प्रिन्सिपॉल माणूस भला. त्यांनी यशवंताला बोलावून वाट काढून दिली, "पायात गोळा आला होता म्हण. गोळा काय, कुणालाही येतो. मी मिटवतो."

यशवंत म्हणाला, "नव्हता आला साहेब."

हे त्याच्या आईच्या कानावर गेलं. तिने पोराला गळ्याची शपथ घातली की चौकशीत तोंड उघडायचं नाही. तो खोटं बोलणार नाही हे तिला कळलं होतं, निदान खरं तरी बोलू नये. मग मला बरोबर घेऊन ती साहेबांकडे गेली.

साहेब म्हणाले, "बाई, मला विचारलं तर मी पाहिलं तेच सांगेन."

ती म्हणाली, "तुम्ही मोठी माणसं. मला त्यातलं कळत नाही. माझा पोरगा शिकून कामाला लागेल, एवढं बघा." आणि पदर डोळ्याला लावून निघाली. काकू दारापर्यंत आल्या. साहेब जागचे हलले नाहीत.

चौकशीला दरबारचे अंमलदार आले. आम्हा आजूबाजूच्यांना विचारलं. आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, पायात गोळा आला होता. अंमलदार म्हणाले, "तुम्ही त्याचे दोस्त. तुमचं कोण मानतो?" यशवंताला विचारलं. तो खाली बघत गप्प. मला त्याच्या आईचा चेहरा दिसायला लागला.

मग अंमलदार साहेबांकडे वळले. "टोकेकर, तुम्ही शेजारी होता. तुम्ही सांगाल ते मी लिहून घेतो आणि विषय संपवतो. हा का उठला नाही?"

यशवंताने वर पाहिलं आणि साहेबांकडे बघून मान हलवली. नको, नको. मी पाहिलं ना.

साहेबांनी पगडी सारखी केली. म्हणाले, "त्याच्या पोटरीत गोळा आला होता. मी शेजारीच होतो. उठायचा प्रयत्न करत होता, उठता आलं नाही."

"बरं," अंमलदार म्हणाले. विषय संपला. स्कॉलरशिप राहिली. प्रिन्सिपॉलांनी बाहेर येऊन घाम पुसला. आम्हाला हसावं की काय करावं कळेना.

दुसऱ्या दिवशी पहिला तास नीतिशास्त्राचा. साहेब आले, खुर्चीवर बसले आणि तर्कशास्त्राचं पुस्तक उघडलं. मी म्हणालो, "साहेब, आज नीतिशास्त्र आहे."

"ते आता दुसरे कुणीतरी घेतील. प्रिन्सिपॉलांना सांगितलंय. मी यापुढे फक्त तर्कशास्त्र शिकवणार. तुम्हाला नीती शिकवणं आता माझ्याकडून व्हायचं नाही." एवढं बोलून त्यांनी पान उलटलं.

यशवंत उठून उभा राहिला.

साहेब म्हणाले, "काय आहे?"

"काही नाही, साहेब."

"मग बस."

तो काही बसला नाही.