कागद असून कागद नाही

करणी, भानामती, अंगात येणं... यातलं मी काही मानत नाही. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत शेजारणी दाराला काय काय बांधतात, मी मनात हसते. तरी हे लिहिते आहे. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही तमिळ. देवनागरी आईनं घरी शिकवली. या घरात ती आता माझ्याशिवाय कोणाला वाचता येत नाही, म्हणून निर्धास्त लिहिते.

तेव्हा तंजावुरात कम्प्यूटर जातकाचं, म्हणजे छापील पत्रिकेचं, नवं वेड आलं होतं. माझे दीर, रघुभावजी, यांनी पुढच्या खोलीत कम्प्यूटर आणि करकर वाजणारा प्रिंटर आणून ठेवला. जन्मवेळ सांगितली की कुंडली छापून येई. आमचे हे गेल्यापासून घरात शब्द भावजींचाच.

आणि माझा धाकटा भाऊ मुरली. अडतिशीचा, बायको सोडून गेलेली. त्याला माझी सुगुणा द्यायचं चाललं होतं. मामाचा भाचीवर हक्क – इकडे चालतं ते. सुगुणा वीस वर्षांची. म्हणाली, "आई, त्यानं मला कडेवर घेऊन देवळात नेलंय ग."  मला चार माणसांत बोलता येत नाही.

पत्रिका जुळत नव्हत्या. तिरुवैयारूला माझी आई हटून बसली होती – कम्प्यूटरनं छापलेलं जुळतं जातक आणा, मग मुहूर्त. कम्प्यूटर खोटं बोलत नाही, ही तिची खात्री. सुगुणाची जन्मवेळ आईला आता आठवत नव्हती.

मुरली भावजींना म्हणाला, "वेळ थोडी पुढं सरकवा की हो. पोरगी तीच राहते ना?" दोघं हसले.

दुपारी भावजींनी खोटी जन्मवेळ घातली. प्रिंटर सुरू झाला, सुगुणाचं नाव छापलं आणि जन्मवेळेच्या ओळीवर थांबला. पडद्यावर इंग्रजी अक्षरं.

"पेपर औट म्हणतो," भावजी म्हणाले.

कागदाची अख्खी चळत मागं लागलेली!

त्यांनी कागद काढून परत लावला. केबल बदलली. रिबन बदलली. मग माझ्यावर घसरले. "वैनी, सरस्वतीपूजेला गंध फासलंत ना मिषिनला? ते आत गेलं असणार." कापसानं सगळं पुसलं. मधेच एक गिऱ्हाईक आलं, त्याच्या नातवाचं जातक सरळ छापून निघालं. पुन्हा सुगुणाचं लावलं – पेपर औट.

"तुमच्या कम्प्यूटरला नवरा पसंत नाही वाटतं," मुरली तोंडातला विडा सावरत म्हणाला.

अडकलेला कागद भावजींनी मला काढायला सांगितला. मी हात लावला आणि... ओला. चिकट. कोणी चाटून ठेवावा तसा. वासही तसाच, न धुतलेल्या तोंडाचा. मी बोटं पदराला पुसली. विड्याचा म्हणावा तर रंग नव्हता. भावजींनी झाकण उघडून आत बोट फिरवलं – कोरडं ठणठणीत. दुसरा कागद लावला, तोही तसाच ओला निघाला.

कसं कोण जाणे, मी बोलले. "भावजी, खरी वेळ घाला."

"अक्का, तू आत जा!" मुरली ओरडला.

"घालतो की," भावजी चिडून म्हणाले. "बिघाड आहे हे तरी कळेल तुम्हाला."

खरी वेळ घातली. प्रिंटर करकरत शेवटच्या ओळीपर्यंत गेला. कागद कोरडा, स्वच्छ. न जुळणारं जातक.

मुरली म्हणाला, "फाडा ते." भावजींनी फाडलं नाही. सुगुणा कधी दाराशी आली होती कळलं नाही. तिनं तो कागद काकांच्या हातून घेतला, घडी केली, आणि दुपारच्याच बसनं आजीकडे गेली. आईनं स्थळ मोडलं. मुरली त्यानंतर आमच्या घरी आला नाही.

भावजी आजही सेन्सर सेन्सर म्हणतात, कागद आहे की नाही ते ओळखणारा भाग. असेल. मग बाकीची जातकं कशी छापली, आणि ते ओलं कुठून आलं, यावर ते विषय बदलतात. 

एकच सांगते. मुरली जेवायला बसला की सुगुणाच्या ताटातला घास उचलून खायचा, आपली बोटं चोखायचा, आणि सगळे कौतुकानं हसायचे. तेव्हा मला जी किळस यायची, तीच त्या कागदाला हात लावल्यावर आली. मी ती कोणाला सांगितली नव्हती. त्या मिषिनला कशी कळली?