थर्माकोलच्या बर्फातले सुभेदार

सुभेदार सिद्धनाथ मेटकरी फौजेतून परतले ते दोन गोष्टी घेऊन : मिशा आणि हुकूम. मिशांना कलप मिळाला. हुकुमाला गिऱ्हाईक मिळेना. मंगळवेढ्याच्या रानात भाऊ ऐकेना, सोलापुरातल्या घरात सून ऐकेना, आणि बायको बाळाबाई तर हळद निघाल्यापासूनच ऐकत नव्हती.

"उभी हयात माणसं हलवली म्या," बशीतला चहा फुर्र करत ते म्हणायचे.

"माणसं कुटली? रेशनच्या कोठारात हुता की. बटाट्यांना सावधान करत हुता व्हय?"

अशात अंकिता त्यांच्या दारात आली. नाट्यशास्त्र शिकून आलेली ही पोर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या, चादरी विणणाऱ्या लूम-कामगारांना घेऊन स्पर्धेसाठी नाटक बसवत होती, आणि त्यातल्या कॅप्टनच्या भूमिकेला तिला खरा फौजी हवा होता. विषय? दीडशे वर्षांपूर्वीची अमेरिकेची सरहद्द! बर्फाळ माळावर लाकडी किल्ला, किल्ल्यात एक कॅप्टन. वरचे साहेब हजार कोस लांब. पगार येत नाही, येतं ते मटण किडलेलं. ज्यांच्या जमिनीवर किल्ला ठोकलाय ते लोक टेकडीवरून गुमान बघतायत. आणि शिपाई एकेक करून सोन्याच्या खाणींकडे पसार होतायत.

सुभेदारांनी संहिता वाचली आणि नाक मुरडलं.

"ह्यो कॅप्टन हाय का कीर्तनकार? शिपाई पळालं की म्हनतोय, माझं काय चुकलं! आन् शेवटाला उरल्यासुरल्या शिपायांच्या पंगतीला बसून तेच किडकं मटण गिळतोय!"

"काका, तोच तर त्या माणसाचा..."

"काका न्हाय. साहेब म्हनायचं."

भूमिका मात्र सोडली नाही. उलट घरी फर्मान काढलं : "रैवारी नाटकाला पयल्या रांगेत बसायचं. माणसं कशी हलत्यात माज्या हुकमावर, ते बघायचं." जन्मात एकदा तरी बाळाबाईनं ते बघावं, एवढीच त्यांची हौस होती.

त्यांचे शिपाई म्हणजे सहा लूम-कामगार. पाळी सुटली की केसांत सुताचे कण घेऊन सायकलीवरून थेट तालमीला यायचे. मे महिन्याच्या सोलापुरात थर्माकोलचा बर्फ, आणि त्यांच्या अंगात नापास चादरींचे शिवलेले जाडजूड कोट. वर सुभेदारांनी कवायत सुरू केली. आधी अंगणात फेऱ्या, मग नाटक. नाटकातल्या कॅप्टनला जे जमलं नाही ते आपण करून दाखवणार!

गुरुवारी बसूनं किल्ल्याच्या पायरीवर डबा उघडला. हा त्या सहा जणांतला म्होरक्या, घरी कानडी बोलणारा. डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी.

"वर्दीत चरायचं न्हाय!"

"वर्दी कुटली साहेब? चादर हाय. मीच विणलीया."

सुभेदारांनी डबा उचलला आणि प्लायवूडच्या तटावर नेऊन ठेवला. "तालीम झाल्यावर मिळंल."

बसूनं त्यांच्याकडे पाहिलं. "होगप्पा," म्हणजे 'जा बाबा', एवढंच कानडीत म्हणाला. कोट काढला, नीट घडी घातली, डबा काढून घेतला आणि चालू लागला. मागोमाग बाकीचे पाच. सायकलींची स्टँडं खटाखट वर गेली.

"पळा! भगोडे लेकाचे!"

"साहेब," अंकिता थंडपणे म्हणाली, "आता किल्ल्यात तुम्ही आणि मी. मी घोडा व्हायची नाही. ते आले नाहीत तर नाटक नाही."

"हुकूम काढतो मी."

"कुणाला?"

दुसऱ्या दिवशी पाळी सुटायच्या वेळेला सुभेदार कारखान्याच्या फाटकापुढं उभे. वाटभर 'चुकलं, पोरांनो' घोकत आले होते. पोरं दिसली आणि तोंडातून निघालं, "सगळ्यांनी सात वाजता हजर व्हायचं!"

फाटकापाशी हशा पिकला.

"व्हतो की," बसू म्हणाला. "पर आज रांगेत तुमी."

चहाच्या टपरीवाल्यानंही किटली खाली ठेवली. सुभेदारांच्या डोळ्यांपुढं पहिल्या रांगेतली बाळाबाई आणि रिकामा किल्ला उभा राहिला. ते ताठ झाले.

बसू त्यांच्याभोवती फिरला. "पोट आत."

"आतच हाय."

"ह्ये आत? मग भाईर आल्यावर ट्रक थांबत्याल की रं! चला, त्या लिंबाला फेरी."

चपला फटफटवत सुभेदार लिंबाभोवती पळाले. दोन फेऱ्यांत मिशीतून घाम गळायला लागला.

"बास," बसू म्हणाला. "येतो आमी. फेऱ्या बंद. आन् जेवान हुईल, मग तालीम."

"हुईल," सुभेदार धापा टाकत म्हणाले. उभ्या आयुष्यात कुणाची अट त्यांनी इतक्या झटकन मान्य केली नव्हती.

रविवारी नाटक झालं. सुभेदारांनी "सावधान!"च्या डरकाळीसाठी छाती फुगवली की चादरींचे सहा कोट खाडकन ताठ व्हायचे. शेवटच्या पंगतीत किडक्या मटणाचा घास त्यांनी असा गिळला की जणू परीक्षकांवर उपकार केले. त्यांचं सगळं लक्ष पहिल्या रांगेत होतं. बाळाबाई पदर तोंडाला लावून एकटक बघत होती.

घरी जाताना रिक्षात त्यांना राहवलं नाही. "बगितलंस? कशी हलली माणसं?"

"बगितलं की," बाळाबाई म्हणाली. "लई गुणी पोरं. तुमच्या तोंडातनं हुकूम निगायच्या आदीच हलत हुती."