कुतुबमिनारचं तिसरं तिकीट

या सदरातले अनुभव मी दर महिन्याला वाचते आणि खरं सांगू का, पुष्कळदा हसते. माझा असल्या गोष्टींवर कधी विश्वास नव्हता. माझं माहेर रत्नागिरीकडचं. तिथे प्रत्येक वळणावर एकेक भूत बसवलेलं असायचं आणि मी त्याच वळणांवरून एकटी करवंदं काढायला जायची. मला कधी कुणी भेटलं नाही. शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं वाचन वाण्याच्या पुड्यांचे कागद सरळ करून केलेलं... त्यामुळे भाषा सांभाळून घ्या.

तर ही भुताची गोष्ट नाहीच. जिच्याबद्दल लिहितेय त्या माझ्या सासूबाई तेव्हा चांगल्या जिवंत होत्या, दोन्ही वेळा व्यवस्थित जेवत होत्या. आणि भीती म्हणाल तर मला भीती वाटलीच नाही. लाज वाटली. ती अजून वाटते.

साठच्या दशकाचा शेवट असेल. हे सिल्वासाला कचेरीत कारकून होते. पोर्तुगीज जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण गाव तेवढंच – बाजाराची एक गल्ली, जुनं चर्च, कचेरी आणि खाली दमणगंगा. आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. कौलारू, बैठं. पुढे एक पायरी, मागे मोरी, संपलं घर. त्यात आम्ही तिघं – हे, मी आणि सासूबाई. लग्नाला पाच वर्षं झाली होती. मूलबाळ अजून नव्हतं. आणि मधल्या दाराला नुसता पडदा! नवराबायको दोघंच असं आम्ही बाजारापर्यंतसुद्धा गेलो नव्हतो. सासूबाई वाईट होत्या असं नाही हं. पण त्या सतत होत्या.

त्या मार्गशीर्षात यांना कचेरीच्या कामासाठी दिल्लीला जायचा हुकूम आला. आमचा प्रदेश केंद्राच्या हाताखाली, त्यामुळे कागद दिल्लीला जायचे. कधी कधी कागदाबरोबर माणूसही. हे घरी आले आणि म्हणाले, "मी जातोच आहे, तर तुम्ही दोघीही चला. दिल्ली बघून होईल."

सासूबाईंचा चेहरा असा उजळला! म्हणाल्या, "तो मिनार आहे ना रे तिथे? आत जिना आहे म्हणतात. वर सोडतात का?"

"सोडतात की. तिकीट काढून."

"मग मी येणार," म्हणाल्या. "मी लहानपणी आमच्या आवारातल्या एकेका आंब्याच्या शेंड्याला गेलेली आहे. लग्न झालं नि झाडं सुटली. त्यानंतर माळ्यापेक्षा उंच म्हणून कुठे गेले नाही."

रात्रभर विचार करून मी... नको, ते लपवून काय उपयोग, सरळच लिहिते. दुसऱ्या दिवशी हे डबा घेऊन निघाले तेव्हा मी फाटकाशी गाठून सांगितलं की आईंचे गुडघे फार दुखताहेत, तुम्हाला सांगत नाहीत, रात्री कण्हतात. एवढा गाडीचा प्रवास त्यांना झेपायचा नाही. त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा धड होते. राखोलीकडून लाकडाची मोळी घेऊन बाई यायची तिच्या डोक्यावरचा भारा सासूबाई एकट्या उतरवायच्या.

मुलाने प्रेमाने समजावलं. "आई, पुढच्या खेपेला नेईन. आधी गुडघ्यांना तेल लाव."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, नाही असं नाही. पण तोंडातून "बरं" एवढंच आलं. शेजारच्या मंजुबेन त्यांच्याकडे झोपायला येतील असं ठरलं आणि आम्ही वापीला गाडी पकडली.

दिल्लीत यांचं काम बुधवारी उरकलं. गुरुवारी आम्ही कुतुबमिनार बघायला गेलो. गुरुवार हे नक्की, कारण माझा मार्गशीर्षातला उपास होता. थंडी, स्वच्छ ऊन, आणि माणसं म्हणजे जत्रा. खालून नुसतं बघायचं तर बघा, पण वर जायला तिकिटाची लाइन. पुरुषांची लाइन लांबलचक आणि बायकांची आपली आठ-दहा जणींची. हे म्हणाले, "तूच जा, लवकर होईल. मी चणे घेऊन येतो." मला उपास आहे हे विसरले! असो.

माझी पाळी आली. खिडकीतला माणूस चष्म्यावरून बघत म्हणाला, "कितने?"

"दो."

"दो जने नहीं जा सकते, बहनजी. कम से कम तीन चाहिए. ऑर्डर है."

आता तो नियम खरंच तसा होता की तो त्या दिवशीपुरता होता, मला माहीत नाही. एकट्यादुकट्याने वर जाऊन कुणी जिवाचं बरंवाईट केलं होतं म्हणे, म्हणून. मी म्हटलं, "अहो, नवरा-बायको आहोत. इतने दूर से आये, सिल्वासासे."

"वो कहाँ है?"

"गुजरातके पास. मुंबईके पण पास."

"जहाँ भी हो, तीन चाहिए."

मागची धिप्पाड बाई मला कोपर लावून म्हणाली, "ओ बहनजी, घर जाके सोचना!" सगळ्या हसल्या. मला रडायलाच आलं. आणि तोंडातून निघून गेलं, "तीन है, तीन. सासूजी है. उधर बैठी है. घुटने दुखते है उनके."

खोटं बोलायला नवीन कारणही सुचलं नाही बघा मला. तेच गुडघे.

त्याने खिडकीतून मान बाहेर काढली. माझ्या पाठीमागे लांबवर कुठेतरी पाहिलं. "कौन, वो सफेद धोतीवाली? पेड के नीचे?"

मी मागे न बघता "हाँ हाँ" म्हटलं. मनात म्हटलं, चला, पांढऱ्या लुगड्यातली कुणीतरी म्हातारी बसलेली दिसतेय, आपलं काम झालं.

"संभाल के ले जाना माँजी को," असं म्हणून त्याने तीन तिकिटं दिली.

यांना मी सांगितलं नाही. यांना खोटं खपत नसे, अगदी एवढंसंसुद्धा. तिकिटं माझ्याच मुठीत ठेवली. मिनाराच्या दाराशी एक गार्ड उभा होता. त्याने विचारलं तर काय सांगायचं, हे घोकत मी पुढे झाले. हे वाकून आत शिरलेसुद्धा होते. गार्डने तिन्ही तिकिटं फाडली, माझ्या खांद्यावरून मागे बघितलं आणि म्हणाला, "आइये माँजी, सिर झुका के."

मला वाटलं, मागून दुसरी मंडळी येताहेत. तसंच असेल ना? तुम्हालाही तसंच वाटलं असतं.

आत काळोख. गोल गोल जिना, दगड झिजून गुळगुळीत झालेला. कुठेतरी एखाद्या झरोक्यातून उजेड येणार, की पुन्हा काळोख. हे पुढे भराभर चढत होते, मधूनच "येतेयस ना?" अशी हाक मारत होते. आणि माझ्या मागे कुणीतरी चढत होतं. अनवाणी पावलं. धापही लागलेली, पण थांबायचं नाव नाही. एका काळोख्या वळणावर माझा पदर मागून ओढला गेला. चुकून नाही. आधाराला धरतात तसा, मुठीत.

मी मागे वळून बघायला हवं होतं. नुसतं वळायचं होतं! मी पदराला हिसका दिला आणि म्हटलं, "सोडा हो! काय अंगावर येता!"

मराठीत म्हटलं. दिल्लीत, अनोळखी माणसाला, मराठीत. हे माझ्या लक्षात यायलासुद्धा पुढे किती वर्षं गेली.

पदर सुटला. पावलं मात्र येत राहिली.

वर सज्जात आलो आणि मी सगळं विसरले. काय वारा! खाली पडक्या कमानी, झाडं, लांबवर शेतं. हे माझ्या शेजारी कठड्याला टेकून उभे होते, आमचे खांदे लागत होते आणि पाच वर्षांत पहिल्यांदा मला कुणाची चाहूल घ्यावीशी वाटली नाही. हे म्हणाले, "आई हवी होती."

मी हसून म्हटलं, "बरं झालं नाही आल्या. अर्ध्या जिन्यात बसल्या असत्या फतकल मारून, आणि आपल्याला तिथूनच परतावं लागलं असतं."

हे पण हसले थोडे. आईला हसायची सवय नव्हती त्यांना, माझ्यासाठी हसले.

खाली उतरलो तर तो गार्ड चांगलाच तापलेला. "कैसे लोग हो! माँजी कब की अकेली उतर आयीं, पाँव काँप रहे थे. उनको छोड के ऊपर तमाशा देख रहे हो?"

हे म्हणाले, "कोण माँजी?"

"दुसऱ्या कुणाला म्हणतोय," म्हटलं आणि यांचा हात धरून मी ओढतच बाहेर काढलं. विचारून घेतलं असतं तर तिसरं तिकीट निघालं असतं. तिकिटावरून गुडघे निघाले असते. त्या झाडाकडे मी तेव्हाही बघितलं नाही.

रविवारी सिल्वासाला पोचलो. पिशव्या ठेवतेय तोच मंजुबेन मला कुंपणाशी घेऊन गेल्या. त्या निम्मं गुजराती आणि निम्मं मराठी बोलायच्या. "माजीला डॉक्टर दाखवा हं. गुरुवारे शुं थयुं खबर छे? दुपारी वाल सोलत बसल्या होत्या पायरीवर. एकदम श्वास चडी गयो! धापा टाकतात, धापा टाकतात, भिंतीला हात लावतात. मी पाणी आणलं तर म्हणतात, थांब मंजु, आता थोड्याच पायऱ्या राहिल्या. अरे माजी, घरात पायरी एकच, त्याच्यावर तर तुम्ही बसलात!"

"मग?"

"मग काय? थोड्या वेळाने डोळे उघडले आणि रडल्या. मी विचारलं, दुखतं का? तर नाही म्हणाल्या."

मला मिनारातली ती मागची धाप आठवली. तरी मी स्वतःला समजावलं – वय झालंय, चक्कर आली असेल, आमच्या जाण्याचा ध्यास घेतला असेल. अजूनही समजावते.

रात्री जेवताना यांनी सगळी दिल्ली वर्णन करून सांगितली. सासूबाई ऐकत होत्या, वाढत होत्या. मिनाराचं आलं तेव्हा भात वाढता वाढता म्हणाल्या, "वारा फार असेल नाही रे वर?" बस्स.

दुसऱ्या दिवशी हे कचेरीत गेले. मी मोरीत भांडी घासत होते, त्या शेजारी बसून विसळत होत्या. मी मान वर करत नव्हते. मग त्या म्हणाल्या, रागाने नाही, भाजी काय करायची विचारावं तशा आवाजात –

"अगो मालती, अर्ध्यात नाही हो बसले मी. वरपर्यंत आले."

पाया पडावं, रडावं, काहीतरी बोलावं... मी काय केलं असेल? मी म्हटलं, "काय म्हणालात आई? पाण्याच्या आवाजात ऐकू नाही आलं."

त्यांनी क्षणभर बघितलं. "काही नाही," म्हणाल्या आणि पातेलं पालथं घातलं.

त्या विषयावर आमच्यात झालेलं बोलणं एवढंच. दोन वर्षांनी यांना पुन्हा दिल्लीचा हुकूम आला. हे हट्टाने म्हणाले, "आई, या वेळी तू येणारच. मिनार दाखवतो." त्या म्हणाल्या, "नको रे, माझं बघून झालंय." हे गोंधळले. "अगं, कधी बघितलास तू?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. वाट बघत होत्या, हे मला कळत होतं. एक वाक्य बोलायचं होतं मला. आणि मी म्हटलं, "राहू द्या हो, त्यांना दगदग नको."

पुढे सहा वर्षांनी त्या त्याच क्वार्टरमध्ये गेल्या. त्यांच्या मागे हे सगळ्यांना सांगत, "आमच्या आईला प्रवासाची आवडच नव्हती. दोनदा दिल्ली दाखवतो म्हटलं, आली नाही." पाहुण्यांना सांगत, मुलांना सांगत, नातवंडांना सांगत. मी शेजारी बसून मान हलवायची. चाळीस वर्षं हलवली. आता हे पण नाहीत.

त्या दिवशी मिनारात माझ्यामागे कोण चढलं, मला माहीत नाही. कुणी खरीच म्हातारी असेल, झाडाखाली बसलेली. पण मग सासूबाईंना ते 'अर्ध्यात बसण्या'चं कुणी सांगितलं? यांनी नाही, मी विचारून खात्री केली होती, आडून आडून. शिकल्यासवरल्या लोकांना याचा उलगडा होत असेल तर जरूर लिहा, मी वाचेन. मला झालेला नाही. पण मी लिहायला बसले ती त्यासाठी नाही. घरातल्या नातवंडांना चुकीचं माहीत आहे, आणि ते मी चुकीचं राहू दिलं.

त्यांच्या पणजीला प्रवासाची फार आवड होती. तिचे गुडघे कधीच दुखत नव्हते.