पाणी तुटलेला आंबा

थोरल्या जाऊबाई आंबा कधी दाबून बघत नसत. गालाला लावत आणि डोळे मिटत. "ह्यो तहानलाय," म्हणून एखादा बाजूला काढत. एखाद्या दिराने दाबून बघितला तर म्हणत, "भाऊजी, नाडी बघताय व्हय त्याची?"

नवे पैसे आले त्या साली लग्न होऊन मी पुण्याहून मुळशीत आले. घरात अढीचा, म्हणजे आंबे पिकत घालण्याचा, मान थोरल्या बाईंचा. देठासकट उतरवलेले रायवळ आंबे त्या भाताच्या पेंढ्यात थरावर थर लावत आणि खोली बंद करत. "झाडावरनं उतरला की त्याचं पाणी तुटलं. हाय तेवढं पोटात राखायचं. वारं लागलं तर कातडं सुरकुततं, रंग धरत न्हाई," हे त्यांनी मला दहादा सांगितलं होतं. पण मी चार बुकं शिकलेली. त्या कोंदट खोलीत माझा जीव गुदमरायचा.

त्यांच्या लेकीचं, सरूचं, सासरी ते पहिलं वर्ष. तिकडची माणसं खवट. आंब्यांची पाटी मनासारखी गेली तर सरूला चार दिवस माहेरी धाडतील, या आशेवर थोरल्या बाईंनी एकेक आंबा निवडून तिच्यासाठी अढी लावली.

मी त्या खोलीची खिडकी उघडली. हवा खेळावी म्हणून उघडली आणि लावायची विसरले. तीन दिवस उन्हाळी वारं भणाणत होतं. अढी उकलली तेव्हा आंबे मऊ पडलेले, साल चुरगळलेली, रंग मेलेला. दुसरे आंबे नव्हते, म्हणून तीच पाटी गेली. ती जशीच्या तशी परत आली आणि पुढे दोन वर्षं सरूला माहेर दिसलं नाही.

सासूबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "कुनाचं काम ह्ये?" मी खाली वाकून पेंढा गोळा करू लागले. थोरल्या बाई म्हणाल्या, "माजाच हात चुकला." तेव्हापासून अढीचा मान त्यांच्याकडून काढून सासूबाईंनी मला दिला, आणि मी तो मुकाट्याने घेतला. आज लिहितानाही लाज वाटते.

त्यांच्या शेवटच्या दुखण्यात मी धीर करून सगळं सांगून टाकलं.

"ठावं हाय मला."

"मग तेव्हा बोलला का नाहीत, बाई?"

"तुजं बी पयलंच वरीस व्हतं."