एका माणसाचं पापलेट

नवीन जालन्यात स्टेशनच्या बाजूला माझं मासळीचं दुकान आहे. मी मूळ केदारखेड्याचा, शेतकऱ्याच्या घरातला. वडील माळकरी. मी दुकान टाकलं तेव्हा ते रागावले नाहीत. फक्त त्या दिवसापासून माझ्या कामाबद्दल एक शब्द त्यांनी विचारला नाही. बायको आणि मुलगी गावीच राहिल्या, मुलगी शाळेला भोकरदनला जायची. मी दुकानामागच्या खोलीत राहतो. सोमवारी दुकान बंद ठेवून, डोक्यावरून आंघोळ करून गावाकडं जायचो. तरी मुलगी म्हणायचीच, "पप्पा, हाताला वास येऊन राह्यला तुमच्या." मग जेवताना मी जरा कडेला बसायचो.

काकू माझ्याकडं दर बुधवारी यायच्या. मालवणकडच्या. यजमान बँकेत होते, बदलीवर जालन्याला आले आणि इथंच घर बांधलं. आता ते नव्हते, आणि मुलगा बंगळुरात. काकू बर्फात हात घालून एक तळहाताएवढं पापलेट स्वतः निवडायच्या. "एका माणसाला पुष्कळ झालं," म्हणायच्या.

एकदा मत्स्य खात्याचा माणूस आला. तोंडापासून शेपटीपर्यंत ठरलेली लांबी भरत नसेल तर पापलेट विकायचं नाही, असं त्यानं सांगितलं. अंडी घालायच्या आधीच ते पकडलं तर पुढं मासाच उरणार नाही. तो गेल्यावर शेजारचा दुकानदार हसला. "दर्या कुठं अन् आपण कुठं! इथं कोण बघतंय?" मी समुद्र कधीच पाहिला नव्हता. पण आमच्या घरात बियाण्याला ठेवलेली ज्वारी कितीही नड आली तरी दळायला काढत नसत. मला ते बराबर समजलं. सुरीनं लाकडी ओंडक्यावर लांबीची खूण केली आणि लहान पापलेट घेणं बंद केलं.

पुढच्या बुधवारी काकू बर्फ उकरत राहिल्या. "लहान नाहीत?"

"न्हाई काकू. आता विकता येत न्हाई." मी नियम सांगितला.

"बरोबर आहे रे," त्या म्हणाल्या. "पण एवढं मोठं नेऊन मी काय करू? दोन दिवसांचं शिळं खायचं?"

त्या रिकामी पिशवी घेऊन वळल्या, तसं माझ्या तोंडून निघालं, "अर्धं मी ठिवतो. मलाबी एकट्यालाच लागतंय."

डोक्याकडचा भाग त्यांनी नेला, शेपटीकडचा मी ठेवला. मला फक्त धरणातल्या राहू माशाचं कालवण जमायचं. पुढच्या खेपेला त्यांनी कागदाच्या पुडीत आमसुलं आणली आणि नारळाचा रस कधी घालायचा ते सांगितलं. मग तसंच चाललं. बुधवारी संध्याकाळी खोलीत स्टोव्ह पेटवला की वाटायचं, चार गल्ल्या पलीकडं ह्याच माशाचा रस्सा आत्ता उकळत असेल. इथं दुसरं कुणी माझ्यासोबत जेवत नव्हतं. आठवड्यानं त्या आल्या की आधी विचारायच्या, "फुटला नाही ना रस?"

पावसाळ्यात समुद्रातली मासेमारी बंद झाली. बंदीच्या आधी पकडून शीतगृहात ठेवलेला माल पावती असेल तर विकता येतो. तसा थोडा माझ्याकडं होता. काकूंनी तो बोटानं दाबून पाहिला आणि नको म्हणाल्या. तरी बुधवारी छत्री घेऊन यायच्या, स्टुलावर बसायच्या. माझी मुलगी कितवीत गेली, वडिलांचे गुडघे कसे आहेत, विचारायच्या. ही विचारपूस करणारं जालन्यात दुसरं कुणी नव्हतं.

अशाच एका बुधवारी टेम्पोवाल्यानं न सांगता पेटी आणून उतरवली. झाकण काढलं तर आत तळहाताएवढी पापलेटं. कल्ले लालभडक, डोळे चकचकीत. कालपरवाच पकडलेली.

"हे कुठून आणलं?"

"आल्ती गाडी. घ्या की शेठ, जल्दी संपतंय. पावतीचं बघू मंग."

काकू स्टुलावरून उठून पेटीपाशी आल्या. एक पापलेट उचललं, नाकाशी नेलं आणि बराच वेळ हातात धरून राहिल्या. शेवटी त्यांनी ते परत बर्फात ठेवलं.

"उचल बाबा पेटी," मी टेम्पोवाल्याला म्हणालो. "मला न्हाई पाहिजे."

तो बडबडत शेजारच्या दुकानात गेला. तिथं पेटी लगेच रिकामी झाली. काकू पदराला हात पुसत म्हणाल्या, "तू ठेवली असतीस ना, तर मी एक नेलं असतं हो."

"म्हाईत होतं काकू."

त्या हसल्या, पण नेहमीपेक्षा लवकर निघाल्या. पेटी पाठवणाऱ्या व्यापाऱ्यानं पुढं मला माल दिला नाही. दुसरा शोधावा लागला.

बंदी उठल्यावर पहिलं मोठं पापलेट आलं त्या दिवशी काकू म्हणाल्या, "मुलगा न्यायला येतोय. घर विकायचं ठरलंय." मी मासा कापला. ह्या वेळी मी डोकं आणि शेपूट दोन्ही त्यांच्या पिशवीत घातलं. त्यांनी शेपटीचा भाग काढून परत फळीवर ठेवला. "तुझं तू ठेव," म्हणाल्या.

दिवाळीनंतर त्यांचा फोन आला.

"इथला दुकानदार बोटभर पापलेटं विकतो. मी बोलले त्याला."

"मंग? काय म्हणला?"

"म्हणाला, आजी, घ्यायचं नसेल तर बाजूला व्हा. बरं, तुझ्याकडं पापलेट आलंय का आज?"

"न्हाई. पापलेट मागवत न्हाई मी आता. कुणी मागितलं तरच."

"का रे?"

मी फडक्यानं ओंडका पुसायला घेतला. पलीकडं कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी त्यांना हाक मारली. "ठेवते हं," त्या म्हणाल्या.

त्यानंतर मी एकदोनदा त्यांचा नंबर काढला. दर वेळी दुकानात गिऱ्हाईक आलं, आणि मी फोन खिशात ठेवून काय पाहिजे ते विचारलं.